तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदा विमानात बसताना

बाळाला घेऊन विमानानं जायचं ठरलं की आईवडिलांना पहिली धास्ती वाटते ती शेजारच्या प्रवाशांची. बाळ रडलं तर लोक काय म्हणतील? ही काळजी बाजूला ठेवा आणि बाळाला नेमकं काय होतं याकडे लक्ष द्या. विमानात बाळ रडतं त्यामागे बहुतेक वेळा ओळखीची कारणं असतात: कानातला दाब, भूक, पोटातला गॅस, कोरडी हवा, मोडलेली झोप. यातलं काय कधी होणार याचा अंदाज आधीच बांधता येतो, त्यामुळे तयारीही आधीच करता येते. पुढे तिकीट काढण्यापासून उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांपर्यंतचं सगळं क्रमानं लिहिलं आहे. सगळं वाचायला सवड नसेल तर दुधाचा आणि कानांचा भाग तेवढा नक्की वाचा.

१. आधी डॉक्टरांशी बोला

बाळ पूर्ण दिवसांचं आणि निरोगी असेल तर विमानप्रवास त्याला सहसा सोसतो. बऱ्याच विमान कंपन्या जन्मानंतर ७ किंवा १४ दिवसांनी बाळाला विमानात घेतात. त्याहून लहान बाळ असेल तर डॉक्टरांचं पत्र मागितलं जातं. पण कंपनी घेते म्हणून निघावं, असं मी म्हणणार नाही. पहिल्या महिना-दोन महिन्यांत बाळाची प्रतिकारशक्ती कोवळी असते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप भरला तरी त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावं लागतं, आणि परक्या ठिकाणी ती धावपळ फार जड जाते. निकड नसेल तर दोन-तीन महिने थांबा, पहिल्या लसी होऊ द्या.

अपुऱ्या दिवसांचं बाळ, फुप्फुसांचा किंवा हृदयाचा त्रास असलेलं बाळ यांच्या बाबतीत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. विमान १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतं. आतला दाब यंत्रांनी वाढवलेला असला तरी तो जमिनीवरच्याइतका नसतो; १,८०० ते २,४०० मीटर उंच डोंगरावर जेवढा असेल तेवढा असतो. त्या दाबात श्वासातून मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. जमिनीवरच्या हवेत २१ टक्क्यांऐवजी १५ ते १७ टक्केच ऑक्सिजन असता तर जसं झालं असतं, तसं. निरोगी बाळ हे सहज निभावून नेतं. फुप्फुसं कमजोर असतील तर डॉक्टर तपासणी करून प्रवासात ऑक्सिजन लागेल का ते ठरवतात.

बाळाला सर्दी झाली असेल किंवा नुकताच कान दुखून गेला असेल तर निघण्याआधी कान तपासून घ्या. कानाच्या पडद्यात डॉक्टरांनी बारीक नळी बसवलेली असेल तर घाबरू नका. अशा बाळांना विमानात त्रास कमीच होतो, कारण त्या नळीतून दोन्ही बाजूंचा दाब आपोआप सारखा होतो.

एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते. बाळ झोपावं म्हणून सर्दी-ॲलर्जीचं गुंगी आणणारं औषध देऊ नका. कुणी कितीही खात्रीनं सुचवलं तरी नको. काही बाळं त्या औषधानं झोपण्याऐवजी बेचैन होतात, आणि लहान बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका असतो तो वेगळाच.

२. तिकीट आणि जागा

शक्य असेल तर थेट विमान घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी. मध्ये विमान बदललं की बाळाच्या कानांना चढ-उतार दोनदा सोसावा लागतो, झोप दोनदा मोडते, सुरक्षा तपासणीही पुन्हा होऊ शकते. बदलावंच लागणार असेल तर दोन विमानांमध्ये दोन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. डायपर बदलणं, दूध पाजणं आणि बाळाला जरा हातपाय हलवू देणं एवढ्यातच तो वेळ संपतो. लांबच्या प्रवासाला मी रात्रीचं विमान निवडेन, तास-दोन तासांच्या प्रवासाला सकाळचं. संध्याकाळी बरीच तान्ही बाळं तशीही किरकिरी असतात, ती वेळ टाळलेली बरी.

दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन जाता येतं. तरीही परवडत असेल तर बाळासाठी वेगळी सीट आणि विमानात चालणारी कार सीट हाच सर्वात सुरक्षित मार्ग आहे. अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासनही पालकांना हेच सांगतं. विमानाला अचानक जोराचा हिसका बसला तर बाळाला नुसत्या हातांनी धरून ठेवणं ताकदवान माणसालाही जमत नाही. कार सीट न्यायची असेल तर ती विमानात वापरायला मान्यता असल्याचं लेबल तिच्यावर आहे का ते पाहा, तिची रुंदी मोजा आणि कंपनीला आधी विचारा. ती बहुधा खिडकीपाशीच लावू देतात, म्हणजे बाकीच्यांची बाहेर पडायची वाट अडत नाही.

बाळ मांडीवर असेल तर बऱ्याच देशांत तुमच्या सीटबेल्टमध्ये अडकवायचा छोटा पट्टा देतात. अमेरिकी कंपन्या तो देत नाहीत. तुमच्या विमानात काय पद्धत आहे ते केबिन क्रू सांगतीलच. पण बाळाला आपल्याच बेल्टच्या आत घेऊन बेल्ट लावायचा, हे मात्र कुठंही करू नका. धक्का बसला तर तुमचं सगळं वजन बाळावर येतं. पोटाशी बांधायची झोळी किंवा कॅरियरही उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सहसा चालत नाही.

लांब पल्ल्याच्या विमानांत पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो, त्याला बॅसिनेट म्हणतात. तो मोजकाच असतो, म्हणून तिकीट काढल्याबरोबर कंपनीला फोन करून मागून ठेवा. फोन करताना बाळाचं वजन आणि उंची हाताशी असू द्या. वजनाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १० किलोच्या आसपास असते, पण प्रत्येक कंपनीची वेगळी. या जागेचे दोन तोटेही माहीत असू द्या. समोर सीट नसल्यामुळे पायाशी पिशवी ठेवता येत नाही, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सगळं वर ठेवावं लागतं. आणि सीटमधले हात वर उचलता येत नाहीत. शिवाय सीटबेल्टचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालाही पाळण्यातून उचलून घ्यावं लागतं. तरीही पाच-सहा तासांच्या वरच्या प्रवासाला तो पाळणा हवाच. हात मोकळे होणं ही फार मोठी गोष्ट आहे.

जुळी बाळं असतील तर दोघं मोठे एकाच रांगेत शेजारी बसून दोन्ही बाळं मांडीवर घेऊ शकतीलच असं नाही. सीटच्या प्रत्येक गटावर ऑक्सिजनचा सहसा एकच जादा मास्क असतो. हे तिकीट काढतानाच विचारा.

खिडकीची सीट की पॅसेजची? अंगावर पाजणाऱ्या आईला खिडकीची बाजू निवांत पडते. पॅसेजच्या सीटवर सारखं उठता येतं, पण बाळाचे पाय आणि डोकं येणाऱ्या-जाणाऱ्यांना, ट्रॉलीला लागू शकतं, आणि गरम चहा-कॉफीचे कप बाळाच्या अंगावरून पलीकडे जातात. गरम पेयानं भाजण्याचा धोका विमानात खरोखरच आहे. बाळ मांडीवर असताना स्वतःसाठी गरम काही घेऊ नका, आणि शेजाऱ्याला काही गरम द्यायचं असेल तर ते बाळाच्या वरून नेऊ नका, असं क्रूला मोकळेपणानं सांगा. आवाजाचा विचार केला तर पंखांच्या पुढच्या सीट मागच्यांपेक्षा शांत असतात.

३. पिशवी दोन भागांत भरा

मोठी पिशवी डोक्यावरच्या कप्प्यात जाईल, आणि नेमकी गरज पडेल तेव्हा सीटबेल्टचा दिवा लागलेला असेल. म्हणून एक छोटी पिशवी वेगळी करून हाताशी ठेवा. तिच्यात दोन-तीन डायपर, वाइप्सचं छोटं पाकीट, खाली अंथरायची पातळ चादर, एक झबलं, दुपटं, एका वेळचं दूध, चोखणी आणि तिची जोडीची दुसरी चोखणी, घाण कपड्यांसाठी बंद होणाऱ्या दोन प्लॅस्टिक पिशव्या. विमानाचा सगळा कारभार या छोट्या पिशवीवर चालतो.

मोठ्या पिशवीत डायपर तासाला एक या हिशेबानं, आणि विमान उशिरा सुटण्याची शक्यता धरून चार-पाच जास्त. बाळाचे दोन-तीन कपड्यांचे जोड. तुमच्यासाठीही एक सदरा किंवा कुर्ता ठेवा, कारण बाळानं उलटी केली तर ती तुमच्याच अंगावर होते. डॉक्टरांनी दिलेली औषधं, थर्मामीटर आणि सलाइनचे नाकातले थेंब चेक-इनच्या सामानात कधीही टाकू नका.

खेळण्यांचा फार विचार करू नका. एक आवडीचं, एक नवीन, तेही आवाज न करणारं. सहा महिन्यांच्या बाळाला सुरक्षिततेचं माहितीपत्रक उलटंपालटं करण्यात खेळण्याइतकीच मजा येते. फक्त ते तोंडात जाणार नाही एवढं बघा.

कागदपत्रं थोडक्यात: परदेशी जाताना बाळाचा स्वतःचा पासपोर्ट, लागत असेल तिथं व्हिसा, वयाचा पुरावा. आई किंवा वडील एकटेच बाळाला घेऊन परदेशी जात असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र जवळ ठेवा, काही देशांच्या सीमेवर ते मागतात.

४. विमानतळावर

हातातल्या सामानातल्या द्रवांवर १०० मिलिलिटरची मर्यादा २००६ पासून जगभर रूढ झाली, पण बाळाचं दूध, काढून ठेवलेलं आईचं दूध आणि बाळासाठीचं पाणी यांना प्रवासापुरत्या प्रमाणात सवलत असते. ते सगळं एका वेगळ्या पिशवीत ठेवा आणि तपासणीच्या रांगेत पोहोचताच स्वतःहून सांगा. उघडून दाखवायला किंवा चाचणीसाठी द्यायला थोडा जास्त वेळ लागतो, तो हिशेबात धरा. क्ष-किरणांच्या यंत्रातून गेल्यामुळे दूध खराब होत नाही. बाबागाडी घडी करून यंत्रात द्यावी लागते आणि बाळाला कडेवर घेऊन दारातून जावं लागतं, तेव्हा त्याला सहज काढता-घालता येईल असं कॅरियर सोयीचं.

बाबागाडी बहुतेक ठिकाणी विमानाच्या दारापर्यंत नेता येते. तिला टॅग लावून घ्या आणि उतरल्यावर ती दारातच मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे तेव्हाच विचारून ठेवा.

लहान मूल असलेल्यांना आधी आत सोडतात. एकट्यानं प्रवास असेल तर याचा फायदा जरूर घ्या. दोघं असाल तर एकानं सामान घेऊन आधी जावं, वरचा कप्पा मिळवावा, सीट पुसून ठेवावी. दुसऱ्यानं बाळाला घेऊन अगदी शेवटी चढावं. बंद विमानात उगाच अर्धा तास बसण्यापेक्षा बाळ बाहेर हातपाय हलवत राहिलेलं चांगलं. आत शिरण्याच्या आधी डायपर बदला, तो थोडासाच ओला असला तरी.

५. दुधाची व्यवस्था

अंगावर पिणाऱ्या बाळाची सोय सर्वात सोपी. आईनं मात्र स्वतः भरपूर पाणी प्यायला हवं, कारण विमानातली हवा तिच्याही अंगातलं पाणी शोषते. काढलेलं दूध खोलीच्या तापमानात ४ तास चांगलं राहतं, आणि बर्फाच्या पिशव्या घातलेल्या जाड अस्तराच्या पिशवीत २४ तासांपर्यंत. गोठवलेलं दूध वितळवून खोलीच्या तापमानाला आणलं असेल तर मात्र २ तासांतच संपवा.

पावडरच्या दुधाचं गणित वेगळं आहे. पावडर निर्जंतुक नसते. म्हणूनच ती निदान ७० अंश सेल्सियस गरम पाण्यात कालवावी आणि मग निववून पाजावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तयार केलेलं दूध बाहेर २ तासांच्या वर ठेवू नये, आणि बाळानं एकदा तोंड लावलं की तासाभरात संपवावं किंवा टाकून द्यावं. त्यामुळे घरूनच चार बाटल्या बनवून नेणं बरोबर नाही. उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये घ्या, पावडर मोजून वेगवेगळ्या डब्यांत भरा आणि लागेल तशी एकेक बाटली बनवा. विमानाच्या टाकीतलं पाणी बाळाच्या दुधासाठी वापरू नका. तयार दूध क्रूकडून थंड पाण्याच्या भांड्यात ठेवून निववून घ्या, आणि पाजण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा. बाजारात सीलबंद तयार द्रव फॉर्म्युला मिळतो, तो निर्जंतुक असतो. प्रवासापुरता तो घेणं सर्वात सुटसुटीत. पण बाळाला तो घरी आठवडाभर आधी देऊन पाहा.

हवेत गेल्यावर बाटली उघडताना एक काळजी घ्या. केबिनमधला दाब कमी असल्यानं बंद बाटलीतली हवा फुगलेली असते, आणि झाकण काढताच निपलमधून किंवा नळीतून दूध उडतं. आधी झाकण किंचित सैल करून हवा जाऊ द्या, मग निपल लावा. खाण्याची सीलबंद पाकिटंही अशीच फुगतात. ती उघडताना तोंड स्वतःपासून लांब धरा.

सहा महिन्यांवरच्या बाळाला जे नेहमी खातं तेच मऊ खाणं द्या. नवीन पदार्थाचा पहिला घास विमानात नको: ॲलर्जी झाली किंवा घशात अडकलं तर हवेत मदत मर्यादितच मिळते. सहा महिन्यांखालच्या बाळाला हवा कोरडी आहे म्हणून पाणी पाजू नका. त्याला दूधच जास्त वेळा द्या.

६. कान: खरी कसोटी उतरताना

कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. या नळीतून आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. बाळाची नळी मोठ्या माणसापेक्षा आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून ती सहज बंद होते, आणि सर्दीनं सूज आली तर आणखीच.

विमान वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो, कानातली हवा प्रसरण पावते आणि नळीतून आपसूक बाहेर निघते. त्यामुळे चढताना बरीच बाळं शांत असतात. उतरताना हे उलटं होतं. बाहेरचा दाब वाढत जातो, पडदा आत ओढला जातो, आणि हवा आत यायची तर नळी उघडायला हवी. पण तिच्या मऊ भिंती ओल्या फुग्याच्या तोंडासारख्या चिकटून बसलेल्या असतात. त्या उघडतात गिळल्यानं. आपण जांभई देऊन, आवंढा गिळून हे करतो. बाळाला गिळायला लावायचं काम तुमचं.

म्हणून प्रवासातलं सर्वात महत्त्वाचं दूध उतरण्यासाठी राखून ठेवा. इथं बहुतेकांची वेळ चुकते. चाकं जमिनीला टेकण्याच्या बेतात असताना पाजणं फार उशिराचं असतं, कारण विमान साधारण अर्धा तास आधीपासूनच खाली यायला लागतं आणि केबिनचा दाब तेव्हापासून वाढू लागतो. इंजिनांचा आवाज मंदावतो, विमानाचं नाक किंचित झुकतं, समोरच्या पडद्यावरच्या नकाशात उंचीचा आकडा उतरू लागतो. ही सुरुवात ओळखा. सर्वात सोपं म्हणजे क्रूला आधीच सांगून ठेवा: "उतरायला सुरुवात होण्याआधी मला सांगाल का, बाळाला पाजायचं आहे." ते आनंदानं सांगतात.

मी स्वतः वेळापत्रक उतरण्याच्या वेळेपासून मागं मोजत करते. उतरण्याच्या तासभर आधी डायपर बदलायचा, कारण नंतर सीटबेल्टचा दिवा लागतो आणि उठता येत नाही. पाऊण तास आधी दूध तयार ठेवायचं. अर्धा तास आधी, आवाज बदलला की पाजायला घ्यायचं. त्याआधीचे दोन-अडीच तास बाळाला पोटभर पाजायचं टाळायचं, म्हणजे वेळेवर भूक असते. अर्थात बाळ भुकेनं कळवळत असेल तर त्याला ताटकळत ठेवू नका, थोडंसं पाजा आणि बाकीचं मागं ठेवा.

बाळ पहिल्या पाच-सात मिनिटांत बाटली संपवून मोकळं झालं तर पुढची वीस मिनिटं हातात काही उरत नाही. कमी वेगाचं निपल लावा. चार घोट झाले की थांबा, ढेकर काढा, पुन्हा चार घोट. मधल्या वेळेत चोखणी द्या. बाळाला आडवं पाडून न पाजता डोकं उंच ठेवा. वर्षाच्या बाळाला कपातून घोट घोट पाणी चालतं.

बाळ गाढ झोपलं असेल तर उठवायचं का? झोपेत गिळणं कमी होतं हे खरं. नाक मोकळं असेल तर मी झोपू देईन आणि चोखणी हाताशी ठेवेन. सर्दी असेल तर उतरायला सुरुवात होताच हळुवार उठवून पाजेन. सर्दी असलेल्या बाळाच्या नाकात उतरण्याच्या थोडं आधी सलाइनचे थेंब घातले तर त्याला चोखणंही सोपं जातं. दुखण्यावर पॅरासिटॅमॉल द्यायचं का आणि किती, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एवढं करूनही बाळ रडलं तर? रडतानाही नळी उघडते. रडणं हा त्या क्षणी बाळाच्या शरीरानं शोधलेला उपाय असतो आणि तो उपयोगी पडतो. त्याला छातीशी घ्या, पाठीवरून हात फिरवा, कानाशी गुणगुणा. गरम पाण्यात भिजवलेले कागद पेल्यात घालून कानावर धरायचा एक तोडगा सांगितला जातो. तो करू नका: त्यानं दाब सारखा होत नाही, आणि गरम पाणी ठिबकून बाळ भाजू शकतं. दाब कमी करणारे म्हणून विकले जाणारे कानातले बोळेही तान्ह्यांसाठी नाहीत.

७. मधले तास

विमानातल्या हवेत ओलावा १० ते २० टक्क्यांच्या आसपास असतो, आपल्याला सवय असलेल्या हवेपेक्षा खूपच कमी. बाळाचं नाक कोरडं पडून बंद होतं आणि मग ते दूधही नीट पीत नाही. दोन-तीन तासांनी सलाइनचा एकेक थेंब आणि ओठांवर बाळाच्या मलमाचं बोट, एवढं पुरतं.

पोटातला गॅसही बाटलीतल्या हवेसारखाच फुगतो, जमिनीवरच्या आकाराच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांशानं. म्हणून विमानात ढेकर काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. पोटाशी घट्ट बसणारे कपडे घालू नका आणि डायपरही एक बोट सैल ठेवा. कान दुखत नसताना, विमान सरळ उडत असताना बाळ पाय पोटाशी घेऊन रडत असेल तर बहुतेक हेच कारण असतं. खांद्यावर उभं धरून पॅसेजमध्ये हळूहळू फिरा.

कपडे पातळ आणि एकावर एक घाला. विमान जमिनीवर उभं असताना उकडतं आणि वर गेल्यावर गार होतं. बाळाला थंडी वाजते की उकडतं हे हातापायांवरून ठरवू नका, ते गारच लागतात. छातीला किंवा मानेच्या मागे हात लावून पाहा. वरच्या झरोक्याचा झोत बाळाच्या तोंडावर येत असेल तर तो वळवा.

इंजिनांचा आवाज केबिनमध्ये ८० ते ८५ डेसिबलपर्यंत असतो. एकसुरी असल्यामुळे बरीच बाळं त्यात गाढ झोपतात. लांबच्या प्रवासात कानांवर बसणारे बाळांचे मऊ मफ वापरायचे असतील तर घरी आधी सवय करा. विमानात पहिल्यांदा लावले तर बाळ ते ओढून काढतं. चोखताना-पाजताना ते काढून ठेवा.

झोपवताना घरचा क्रम तिथंही ठेवा: तोंड पुसायचं, कपडे बदलायचे, दूध, तीच अंगाई, तेच दुपटं. पाळण्यात बाळाला पाठीवरच झोपवा. उजेड नको म्हणून वरून पांघरूण टाकून पाळणा झाकू नका, आत हवा खेळायला हवी. बाळ मांडीवर झोपलं असेल तर त्याचं नाक-तोंड तुमच्या अंगात किंवा कपड्यात दबत नाही ना, हनुवटी छातीवर टेकत नाही ना, हे बघत राहा. दोघं असाल तर झोपायच्या पाळ्या ठरवा. एकट्यानं असाल आणि डोळे मिटायला लागले तर बाळाला पाळण्यात किंवा कार सीटमध्ये ठेवा. स्वच्छतागृहात जायचं असेल तर क्रूला हाक मारा.

डायपर बदलायची फळी सगळ्या स्वच्छतागृहांत नसते. कुठल्यात आहे ते विमानात बसल्याबरोबर विचारा आणि जेवणाच्या ट्रॉली यायच्या आधी जाऊन या. आत जाताना फक्त छोटी पिशवी न्या. फळीवर एक हात सतत बाळावर असू द्या.

ऑक्सिजनचे मास्क खाली आले तर आधी स्वतःला लावायचा आणि मग बाळाला. मन तयार होत नाही, पण तुमची शुद्ध हरपली तर बाळाला मास्क लावायला कुणीच उरत नाही.

८. उतरल्यावर

घाई करू नका. बाकीच्यांना जाऊ द्या, सीटखाली आणि खिशात चोखणी, टोपडं, बाटलीचं झाकण राहिलं नाही ना ते पाहा, मग उठा. पुढच्या गाडीच्या प्रवासातही बाळाला कार सीट लागतेच, तिची सोय आधी करून ठेवा.

वेळेचा फरक फार असेल तर तीन-चार महिन्यांखालच्या बाळाला त्याचा त्रास कमी होतो, कारण दिवस-रात्रीचं शरीरातलं घड्याळ तोवर नीट बसलेलं नसतं. ते दर दोन-तीन तासांनी भूक लागली की उठतं, कुठल्याही देशात. त्याहून मोठ्या बाळाला दिवसा बाहेरच्या उजेडात न्या, तिथल्या वेळेप्रमाणे पाजा, दिवसाच्या झोपा लांबू देऊ नका. रात्री दोन वाजता टक्क जागं झालं तर दिवा मंद ठेवा, खेळवू नका, पाजा आणि थोपटा. एका दिवसात साधारण एका तासाचा फरक भरून निघतो, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत कसलेही बेत आखू नका. मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल तर बाळाची घरचीच वेळ चालू ठेवलेली सोयीची.

उतरल्यानंतर काही तास बाळ कान चोळत राहिलं तर चालतं, पाजत राहा. दुसऱ्या दिवशीही ते कान ओढत असेल, चोखताना रडून तोंड बाजूला करत असेल, ताप आला असेल किंवा कानातून पाणी येत असेल तर कानात घरगुती काहीही न घालता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आणि परतीचं विमान जवळ आलं असेल तर ते घेता येईल का, हे त्याच भेटीत विचारून घ्या.